रिकाम्या हातातला चेंडू

हॉलच्या फरशीवर रुंग डोळे मिटून आडवी पडली होती आणि मनातल्या मनात सर्व्हिस करत होती. मनातही चेंडू जाळ्यातच अडकत होता.

"पुन्हा?" शेजारी बसलेल्या ओरायानं विचारलं.

"पुन्हा."

त्रांग शहराच्या मुलींच्या ताक्रॉ, म्हणजे पायांनी खेळायच्या व्हॉलीबॉलच्या, संघात सर्व्हिससाठी चेंडू हातानं उडवून द्यायचं काम ओरायाचं. तो डोक्याइतक्या उंचीवर पायानं टिपून जाळ्यापलीकडे मारायचं रुंगचं. शाळेपासून हे असंच चालत आलं होतं. हल्ली मात्र रुंगचा पाय ऐन वेळी कचरायचा. प्रशिक्षक विपाबाईंनी सकाळीच सांगून टाकलं होतं: आज दुपारच्या सामन्यातही तेच झालं, तर रुंग संघाबाहेर, तिच्या जागी नवी मुलगी. ओरायाची जागा पक्की होती. फक्त तिला त्या नव्या मुलीला चेंडू द्यावा लागणार होता. तेच तिला नको होतं.

डोळे मिटून खेळायचा हा सराव विद्यापीठातून आलेल्या मानसशास्त्राच्या ताईंनी दिलेला. सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे, असं त्यांनी बजावलं होतं.

"तुला दिसतं तरी काय काय?" ओरायानं विचारलं.

रुंगनं सांगितलं. पायाखालचं वर्तुळ, जाळं, समोरच्या तिघी, बाकावरच्या विपाबाई, त्यांच्या हातातला जांभळा पंखासुद्धा. मग चेंडू येतो.

"देतं कोण?"

"कोणीच नाही. आपोआप येतो."

"वा. बाईंचा पंखा दिसतो आणि मी दिसत नाही. एवढी वर्षं तळलेल्या कोंबडीचं कुरकुरीत कातडं तुला काढून देतेय, ते उगाचच म्हणायचं."

रुंगला हसू फुटलं. डोळे मात्र तिनं उघडले नाहीत. "बरं, ये. पण तोंड बंद ठेव."

ओराया उठली आणि जाळ्याजवळ आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली. थोड्या वेळानं रुंगचा उजवा हात फरशीवरून सरकला. बोट किंचित वर झालं: जवळ, जरा उंच. ही खूण ओरायालाच कळायची. तिनं गुडघे वाकवले आणि रिकामा हात खालून वर उडवला.

रुंगची टाच फरशीवरून उचलली गेली.

ओरायानं मान वळवून जाळ्यापलीकडे पाहिलं. रेषेपाशी नजर थांबवून नीट खात्री केली आणि मगच म्हणाली, "आत."