मधूनच बोलणारी बाई

बायकोला कमी ऐकू यायला लागलं, तेव्हा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या तिच्या नवऱ्याने भंगारातल्या टीव्हींचे छोटे छोटे स्पीकर काढले आणि एका उंच फळीवर ओळीने बसवले. दुकानातून आल्यावर रोज थोडं थोडं, कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत.

सुट्टीच्या दुपारी त्याने त्यावर बातम्या लावल्या. समोर बसलेली बायको कितीतरी दिवसांनी हसली.

"स्पष्ट येतंय हो! पण ही बाई मधूनच मला 'जेवलीस का' असं काय विचारते?"

बातम्या एक पुरुष वाचत होता. नवऱ्याने एकेका स्पीकरला कान लावून पाहिला. बाईचा आवाज कुठेच नव्हता. वैतागून त्याने वायर उपटली. खोली शांत झाली.

बायको मात्र मान डोलावत होती. "हो, आत्ताच जेवले," ती फळीकडे बघत म्हणाली.

"अगं, बंद केलंय मी!" तो तिच्या कानाशी ओरडला. तिला ते ऐकूच गेलं नाही.

मग ती मायेने त्याच्याकडे वळली. "तुम्ही फार दमलात, म्हणतेय. आता जरा पडा, म्हणतेय. परत कुणी उठवणार नाही, म्हणतेय."

त्याला उठून बाहेर जायचं होतं, पण डोळे मिटायला लागले होते.