हिंगाची डबी

"गेला बाई वास एकदाचा," म्हणत शेजारच्या गोजरमावशीने खिडक्या सताड उघडल्या. कारखान्यामागच्या चाळीत सकाळपासून सडक्या अंड्यांचा वास कोंदला होता, तो एकाएकी नाहीसा झाला. बायका ओट्यावर येऊन बसल्या. कुणीतरी आलं ठेचून चहा केला.

शेवंताचे हात मात्र कणकेतच थांबले. तिचा नवरा त्याच कारखान्यात गॅसच्या टाक्यांवर कामाला. लग्न होऊन ती इथे आली, तेव्हा दिवसभर नाकाला पदर लावून असायची. तो म्हणाला होता, "वास येतोय तोवर भिऊ नकोस. एकदम थांबला, तर आधी नाक तपास. हा गॅस वाढला की पहिल्यांदा नाकच बधिर करतो."

तिने फळीवरची हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. मग चिमूटभर हिंग तळहातावर चोळून हुंगला.

काहीच नाही.

झोळीतलं बाळ उचलून ती ओट्यावर धावली. "मावशी, तुम्हाला आल्याचा वास येतोय का?"

मावशीने हसत हसत कप नाकाशी नेला. पुन्हा नेला. मग न पिताच खाली ठेवला.