थोरलीच्या खोलीतलं हसू

सात वर्षं दाउदाच्या दोन्ही बायका एकमेकींशी बोलत नव्हत्या, म्हणूनच डाकारच्या घरात त्याचं सुखानं चाललं होतं. आज थोरलीच्या खोलीतून दोघींचं खिदळणं ऐकू आलं, तसा त्यानं हातातला चहाचा तिसरा पेला खाली ठेवला. त्यानं दाराला कान लावला. “मेला गं, मेला!” धाकटी ओरडली. “मरू दे मेल्याला. पुन्हा लोट टॅक्सीपुढे,” थोरली म्हणाली. “लठ्ठ कुठला, पळतच नाही!” धाकटी खिदळली. दाउदानं धाडकन दार उघडलं, तशी थोरलीनं फोन उशीखाली सारला. “कोणाला मारताय?” “कोणालाच नाही हो, खेळ आहे,” थोरली म्हणाली. त्यानं फोन ओढून घेतला. पडद्यावर लठ्ठ कोंबडा रस्ता ओलांडायला उभा होता. डोक्यावर नाव, ‘दाउदा’. दोघी ओठ दाबून बसल्या. दाउदा त्यांच्या मधोमध टेकला. “सरका जरा. तुमच्या हातून मी काही पलीकडे पोचत नाही.”