दूधभात दाजी

कोल्हापूरच्या सासरी तांबडा रस्सा हाशहुश न करता संपवला, तर श्रीरंगरावांचा फायदा मोठा होता: लग्नापासून चिकटलेलं ‘दूधभात दाजी’ हे नाव सुटणार होतं. म्हणून त्यांनी खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा मुद्दाम जेवणाआधी भरून घेतल्या. इंजेक्शननं जिभेचं लाकूड झालं.

“दूध आणू का, दाजी?” मेहुण्यानं वाढतानाच खोडी काढली.

“फिक्कं आहे रे,” म्हणत दाजींनी तीन वाट्या रिचवल्या. रस्सा हनुवटीवरून शर्टावर ओघळत होता, त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. डोळ्यांत पाणी आलं ते सासऱ्यांच्या, अभिमानानं.

चहाच्या वेळी जीभ जागी झाली आणि तिखटाची साठलेली खबर मेंदूला एकदम पोचली. मटणाबरोबर स्वतःचा गालही चावल्याचं तेव्हाच कळलं. दाजी गुपचूप दूध शोधायला स्वयंपाकघरात शिरले, तर समोर सासूबाई!

“जावईबापू, फिक्कं लागलं न्हवं? रात्रीला दुप्पट तिखट करते बघा.”

दाजींनी मान डोलवली. रात्रीही जेवले.

नाव सुटलं. किंमत थोडी जिभेनं मोजली, थोडी गालानं. आणि उरलेली सगळी दुसऱ्या सकाळी अशा जागेनं, जिला ना मान मिळाला होता, ना इंजेक्शन.