दगडाखालचा कोळसा

"लहानच चालवा, मिस्त्री," किसनराव म्हणाले. "मोठ्यानं दगडाखालचा कोळसा पिठी झाला तं माहा पुरावा गेला बोंबलत!"

निजामुद्दीन मिस्त्री वाकून इंजिनं तपासत होता. खडक फोडायची दोन यंत्रं त्याच्यापुढे होती. मोठं ट्रॅक्टरमागे बांधून आणलेलं, हवेच्या दाबावर चालणारं, नळीच मनगटाएवढी जाड. लहान पेट्रोलवरचं, पाऊण मणाचं, एका गड्यानं खांद्यावर टाकून न्यावं असं. दोन्ही सरकारी कामावरून दोन दिवसांपुरती मागून आणलेली. कोणतं चालवायचं ते ठरवायला मोजणीदार हिरासिंगनं त्याला पुसदहून बोलावलं होतं. इंजिनाच्या कामात त्या भागात मिस्त्रीचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट खुद्द मिस्त्रीला सगळ्यात आधी ठाऊक होती.

भांडण ढाणकीजवळच्या एका धुऱ्याचं, दोन शेतांमधल्या बांधाचं. धुऱ्याच्या अलीकडे तुळसाबाई, पलीकडे किसनराव. हद्दीचा दगड आज जिथे उभा होता तिथून रेघ ओढली, की तुळसाबाईची विहीर किसनरावांच्या वावरात जात होती.

"दगड सरकवला यायनं," तुळसाबाई म्हणाली. "पाच वर्सं अर्ज करून राह्यली मी. आमी बुद्ध झालो तवापासून गावच्या विहिरीवर आमाले पाणी बंद. मंग मी अन् मालकानं हातानं खोदली हे विहीर. आता मालक राह्यले नाईत. हेबी गेली तं लेकरायले काय पाजू?"

"खडकात बसलेला दगड कोनी सरकवते काय, बाई?" किसनराव शांतपणे म्हणाले. "एकोणीसशे तीनची पैमाश हाय ते, इंग्रज साहेबाच्या राज्यातली. तवाचा दगड."

तेही खोटं वाटत नव्हतं. काल तीन गड्यांनी लोखंडी सब्बली मारल्या. सब्बली वाकल्या, दगड हलला नाही.

हिरासिंगनं टोपी काढून डोकं पुसलं. "जुन्या पैमाशीत, म्हणजे मोजणीत, दगड रोवताना खाली कोळसा पुरत," तो म्हणाला. "कोळसा कुजत नाही. खाली कोळसा निघाला तर दगड खरा. नाही निघाला तर सरकवलेला. माझ्याकडे दुसरं माप नाही."

"मंग मोठंच लावा, मिस्त्री," तुळसाबाई म्हणाली. "थो लहान म्हन्ते ना? त्याच्या तोंडून माह्या भल्याचं आजवर काई निघालं नाई."

निजामुद्दीनचं मन बाईकडे ओढत होतं. विहिरीचं पाणी तो सकाळीच पोटभर प्याला होता. पण मनावर मशीन चालत नाही. तो म्हणाला, "तुळसाबाई, घरात दोन अंडी हायत का?"

"आता खाता काय?"

"आना तं खरं."

अंडी आली. त्यानं दूरच्या खडकाच्या भेगेत एक ठेवलं, वर माती लोटली आणि हातभर अंतरावर मोठं यंत्र लावलं. सारा माळ दणाणला. माती बाजूला केली तर अंड्याचा पार चिखल. मग दुसरं अंडं, आणि लहान यंत्र. खडकाचे टवके उडाले, अंडं होतं तसं निघालं.

"लहान," निजामुद्दीन म्हणाला.

"अंड्यावर सरकारी मशीन ठरते, राजेहो!" किसनराव हसले. "पन मी म्हनलं तेच निघालं ना?"

तुळसाबाईनं उरलेलं अंडं उचलून पदरात घेतलं. "तुमीबी त्याचेच निघाले, मिस्त्री."

हे त्याला लागलं. त्यानं मान खाली घालून टाकीत पेट्रोल ओतलं.

तेवढ्यात किसनरावांनी यंत्राला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. "धरणीमायले हात लावाचा तं आधी तिचं तिले द्या लागते. आमच्या घरी बापजाद्यापासून हाय हे." खोबरं सगळ्यांना वाटलं. तुळसाबाईनं घेतलं नाही.

दोन तास काम चाललं. निजामुद्दीननं दगडाभोवतीचा खडक बोटबोट फोडत नेला. हात बधिर झाले, कानांत दडे बसले. शेवटी दगड डुगडुगला. दोर लावून चौघांनी तो ओढून काढला. हिरासिंग पालथा झोपला, खळग्यात हात घातला आणि मूठ वर काढली.

कोळसा. चांगले सुपारीएवढे तुकडे, एकही फुटलेला नाही.

"पाह्यलं? म्हनूनच म्हनत होतो लहान लावा, लहान लावा!"

तुळसाबाई होती तिथे मातीत बसली. "गेली विहीर," एवढंच म्हणाली.

निजामुद्दीननं इंजिन बंद केलं. त्याला स्वतःची लाज वाटली. मोठं यंत्र लावलं असतं तर कोळशाची पिठी झाली असती, खाली कोळसा होता असं शपथेवर कोणी सांगू शकलं नसतं. या अल्लाह, आपल्याच कारागिरीनं बाईचा गळा कापला. तिच्याकडे बघायचा धीर त्याला होईना.

हिरासिंगनं घमेलं मागवलं आणि खळग्यातलं सगळं त्यात उपसायला लागला.

"आता कायले उकरता, साहेब?" किसनराव म्हणाले. "झालं ना काम."

"पंचनाम्यात सगळं लिहावं लागतं."

कोळसा संपला. तळाची माती आली, तीत चिमूटभर पिवळी हळद. त्या मातीत नखाएवढं काहीतरी होतं. हिरासिंगनं ते बाहीला घासलं, उन्हात धरलं, डोळ्यांजवळ नेलं.

"एक नया पैसा," त्यानं वाचलं. "साल एकोणीसशे सत्तावन्न."