दोन्ही हात

ट्रॅक्टरखाली पाय गेल्यापासून वर्षभर धनीबाईला खाटेवरून देवळाचा झेंडा तेवढा दिसायचा. आईला हाक मारावी तशी ती देवीला म्हणायची, “याडी, मले बलाव ना!” आज घाटंजीजवळच्या त्यांच्या बंजारा तांड्यात जगदंबेचा भोग, म्हणजे नैवेद्याची पूजा होती, आणि कृत्रिम पायावर, दोन कुबड्या टेकत ती देवळात पोचली. अरदास, म्हणजे देवीची विनवणी, उभ्यानं हात जोडून करायची. हात जोडायचे तर कुबड्या सुटणार. “धनीबाई, बसूनच कर. देवीले राग नाही येत,” तांड्याचे नाईक म्हणाले. “तिले नसन येत. मले येते.” तिनं मूर्तीकडे पाहिलं. “याडी, आता तूच धर.” कुबड्या खाडकन फरशीवर पडल्या. अरदास सुरू झाली. पाय थरथरला, पण जोडलेले हात शेवटपर्यंत सुटले नाहीत. तिच्या मुलानं कुबड्या उचलून पुढं केल्या. “राहू दे,” ओंजळ पसरत ती म्हणाली. “प्रसाद दोन्ही हातानं घ्या लागते.”