काउंटरवरचा सण

आमचा श्रीवत्स मोठा शेफ झाला, पण वडलांच्या तिथीला घरी यायला त्याला सवड नाही. यंदाही फोनवर म्हणाला, "जमत नाही अम्मा, नंतर तूच माझ्या हॉटेलात जेवायला ये." शेवटी श्राद्ध पुतण्याच्या हातून उरकलं, आणि आठवड्याभरानं मी चामराजपुरमहून रिक्षा करून एकटीच गेले.

काउंटरवर बाकी सगळे जोडीजोडीनं बसलेले. तिथं आपण मागायचं काही नसतं, काउंटरपलीकडे उभा राहून श्रीवत्स एकेक घास बशीत मांडून देईल तेवढाच खायचा. आधी उडदाचा वडा आला, मग कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी आणि शेवटी तांदळाची खीर. पाहुण्यांना तो कौतुकानं सांगत होता, "हा आमच्या घरचा हब्बद ऊटा, सणाचं जेवण. अम्मा पहाटेपासून सोवळ्यात रांधायची, घर माणसांनी भरून जायचं." लोक खिरीचे फोटो काढत होते.

त्याची मुंज झाली त्याच वर्षी हे गेले. त्यानंतर मी घरात एकही सण केला नाही. घर भरायचं ते वर्षातून एकदाच, यांच्या श्राद्धाला, आणि पिंड द्यायला पाटावर हाच बसायचा.

"कसं झालंय, अम्मा?" त्यानं सगळ्यांसमोर विचारलं.


"चव घरचीच आहे, श्रीवत्स. मी गेल्यावरही घरी येऊ नकोस, माझंही श्राद्ध इथंच सण म्हणून वाढ."